प्रकाशाशी खेळ : हौशी छायाचित्रकारांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये ‘कोणता कॅमेरा घ्यावा’ ही विचारणा जवळजवळ नाहीच. हातात आहे त्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने घरी आणि घराबाहेर काय करून पाहता येईल, हेच बहुतेकांनी विचारले आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि खरेदीविषयीची मोजकी पत्रे बाजूला ठेवून पुढील उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दवबिंदूच्या आत मागचे फूल दिसते, अशी छायाचित्रे मी पाहिली आहेत. घरी गवताच्या पात्यावर पाणी फवारून आणि मागे फूल ठेवून प्रयत्न केला. थेंब स्पष्ट येतो, पण त्यातील फूल धूसर राहते, शिवाय ते उलटे दिसते. माझ्याकडे मॅक्रो लेन्स आहे. नेमके काय चुकते आहे?
— एक शिक्षिका

उत्तर : फोकसची जागा चुकते आहे. पाण्याचा थेंब हे एक छोटे बहिर्गोल भिंग असते आणि त्यातून तयार होणारी फुलाची प्रतिमा, दिसताना थेंबाच्या आत दिसत असली तरी, प्रत्यक्षात थेंबाच्या किंचित पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला हवेत तयार होते. थेंब पूर्ण गोल असेल तर हे अंतर त्याच्या पृष्ठभागापासून सुमारे त्याच्या त्रिज्येइतके असते. म्हणजे अडीच मिलिमीटर व्यासाच्या थेंबासाठी एक-सव्वा मिलिमीटर. एवढासा फरक एरवी कोणाच्या लक्षातही येणार नाही, परंतु मॅक्रो लेन्सने जवळून टिपताना स्पष्ट दिसणारा पट्टा याहूनही अरुंद असू शकतो. म्हणून ऑटोफोकस बंद करावा, आधी थेंबाच्या कडेवर फोकस साधावा आणि मग कॅमेरा केसभर मागे घेत जावा. एका क्षणी कडा किंचित मऊ होईल आणि आतले फूल पाकळी न् पाकळी दिसू लागेल. दोन्ही स्पष्ट हवे असल्यास अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) लहान, म्हणजे एफ/११ ते एफ/१६ ठेवावे, किंवा फोकस थोडा थोडा सरकवत तीन-चार छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जोडावीत.

प्रतिमा उलटी दिसणे हा भिंगाचा धर्मच आहे. त्यावर सोपा उपाय असा, की फूलच देठ वर करून उलटे लावावे. थेंबामागे सात-आठ सेंटिमीटर अंतरावर सहा सेंटिमीटर रुंदीचे फूल ठेवले, तर ते अडीच मिलिमीटरच्या थेंबाचा बहुतेक भाग व्यापते. फूल याहून दूर गेले, की थेंबात त्याचा ठिपका होतो आणि भोवतालची खोलीच जास्त दिसू लागते. उजेड थेंबावर टाकण्याचा मोह आवरावा. तो फुलावर पडला पाहिजे. थेंबावर पडलेल्या उजेडाची पांढरी चकाकी मात्र नेमकी प्रतिमेच्या मध्यावर येऊन बसते.

पाण्याचे थेंब लवकर सुकतात आणि घरंगळतात. पाण्यात तेवढेच ग्लिसरीन मिसळले तर थेंब बराच वेळ टिकतात. पातळ सुईच्या सिरिंजने ते हव्या त्या जागी ठेवता येतात, त्यामुळे फवारणीवर भिस्त ठेवावी लागत नाही. एवढे जमले की फुलाचा नाद सोडून पाहा. स्वच्छ काचेवर वीस-पंचवीस थेंब ठेवून ती काच दोन डब्यांवर आडवी टेकवावी, खाली पंधरा-वीस सेंटिमीटरवर बुद्धिबळाचा पट, नकाशा किंवा रंगीत कापड अंथरावे आणि वरून टिपावे. प्रत्येक थेंबात तोच पट वेगळ्या कोनातून आणि वेगळ्या वाकाने दिसतो. माझ्या मते फुलापेक्षा हा प्रकार अधिक रंजक आहे, कारण फुलाचे चित्र कसे येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते.

प्रश्न : अंधाऱ्या खोलीत टॉर्चने हवेत अक्षरे लिहून ती टिपण्याचा प्रयत्न करतो आहे. रेघ फिकी येते म्हणून शटरची वेळ १० सेकंदांवरून ३० सेकंद केली, तरी रेघ तेवढीच फिकी राहिली आणि मागची भिंत मात्र उजळली. असे का होते?
— महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : कारण तुमचा दिवा कोणत्याही एका बिंदूवर थांबतच नाही. रेघेचा उजळपणा ठरतो तो दिव्याची तीव्रता, अ‍ॅपर्चर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) आणि हाताचा वेग यांवर. शटर उघडे राहिल्याने त्यात काहीच भर पडत नाही, कारण दिवा एखाद्या जागेवरून गेला की तिथल्या रेघेचे काम संपलेले असते. भिंत मात्र सर्व वेळ जागच्या जागी असते, त्यामुळे प्रत्येक जादा सेकंदाचा उजेड ती साठवत जाते. म्हणून हात सावकाश फिरवावा किंवा अ‍ॅपर्चर एक-दोन टप्पे उघडावे, आणि शटरची वेळ लिहायला लागते तेवढीच ठेवावी. आयएसओ १०० आणि एफ/८ ही सुरुवात ठीक आहे. टॉर्चचे तोंड कॅमेऱ्याकडे असावे आणि लिहिणाऱ्याने गडद कपडे घालावेत. कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलेली अक्षरे आरशातल्यासारखी उलटी येतात. ती नंतर संगणकावर आडवी फिरवून घ्यावीत. उलटी अक्षरे लिहिण्याचा सराव करणारेही आहेत, त्यांच्या चिकाटीला नमस्कार.

पुष्कळ एलईडी दिवे मंद केल्यावर प्रत्यक्षात मंद होत नाहीत, तर अतिशय वेगाने चालू-बंद होत राहतात. डोळ्याला ते कळत नाही, पण असा दिवा भरभर फिरवला तर रेघेऐवजी तुटक ठिपक्यांची माळ उमटते. हा दोष समजून वैतागण्यापेक्षा त्याची गंमत करावी : हात जलद फिरला तेथे ठिपके विरळ आणि सावकाश फिरला तेथे दाट येतात, म्हणजे हाताच्या वेगाचीच नोंद चित्रात उतरते.

चित्रात लिहिणारी व्यक्तीही दिसायला हवी असेल, तर रेघ काढून झाल्यावर, शटर बंद होण्याआधी, तिने क्षणभर स्थिर उभे राहावे आणि फ्लॅश एकदा उडवावा. छायाचित्रकार ज्यॉन मिली यांनी १९४९ मध्ये पाब्लो पिकासो यांची हवेत प्रकाशाने चित्रे काढतानाची प्रसिद्ध छायाचित्रे टिपली. त्यांतही रेषा उघड्या शटरमुळे आणि चित्रकार फ्लॅशमुळे उमटला आहे.

प्रश्न : संपूर्ण खोलीच कॅमेरा करता येते असे ऐकले आहे. मुलांना हे करून दाखवायचे आहे. भोक केवढे असावे? भिंतीवरचे चित्र पुन्हा कॅमेऱ्याने टिपता येते का?
— दोन मुलांचे वडील

उत्तर : येते, आणि घरात करण्याजोग्या सर्व खेळांत मी याला पहिला क्रमांक देईन. अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून आलेला प्रकाश समोरच्या पृष्ठभागावर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा उमटवतो. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम यांनी या घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला होता. खिडकी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकावी, फटींना चिकटपट्टी लावावी आणि पुठ्ठ्यात एक छिद्र ठेवावे. बाहेर ऊन असले पाहिजे आणि ते खिडकीवर नव्हे, तर समोरच्या इमारतींवर किंवा झाडांवर पडलेले असले पाहिजे.

छिद्राचे माप हा तडजोडीचा भाग आहे. छिद्र मोठे केले तर चित्र उजळ पण धूसर होते. फार लहान केले तर चित्र अंधूक होते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) पुन्हा धूसरही होऊ लागते. यांमधले सर्वोत्तम माप काढण्याचे सूत्र आहे : छिद्रापासून भिंतीपर्यंतचे अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.९ ने गुणावे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिलिमीटर धरली, तर तीन मीटर अंतरासाठी सुमारे अडीच मिलिमीटर हे उत्तर येते. एवढ्या छिद्रातून येणारे चित्र रेखीव असले तरी इतके अंधूक असते, की मुलांचा उत्साह मावळेल. म्हणून एक ते दीड सेंटिमीटरच्या छिद्राने सुरुवात करावी आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच-दहा मिनिटे शांत बसावे. मुलांना तेवढा वेळ शांत बसवणे हेच अवघड काम आहे!

याहून सोपा मार्ग असा : +१ नंबरच्या चष्म्याचे सुटे भिंग मिळाले, तर छिद्र मोठे करून त्यावर ते बसवावे. या भिंगाचे नाभीय अंतर एक मीटर असते. त्यामुळे त्यापासून सुमारे एक मीटरवर पांढरा पुठ्ठा धरला, की त्यावर उजळ, रेखीव आणि हलते चित्र उमटते. पुठ्ठा मागेपुढे करणे म्हणजेच फोकस करणे, हे मुलांना सांगावे लागत नाही.

भिंतीवरील चित्र टिपण्यासाठी कॅमेरा तिवईवर ठेवावा. एक सेंटिमीटरचे छिद्र, तीन मीटरवरची पांढरी भिंत आणि बाहेर लख्ख ऊन असेल, तर आयएसओ ८०० आणि एफ/४ ला साधारण अर्ध्या मिनिटाचे एक्स्पोजर लागते. हा अंदाज आहे, त्यामुळे तिथून पुढे-मागे करून पाहावे. खोलीतील पलंग, खुर्ची, भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम चौकटीत घ्यावे. नुसते उलटे दृश्य टिपले तर ते खोलीत उमटले होते, हे पाहणाऱ्याला कळतच नाही.

ज्यांच्याकडे लेन्स काढता येणारा कॅमेरा आहे, त्यांना हाच प्रयोग लहान प्रमाणात करता येतो. कॅमेऱ्याच्या तोंडाला लावायच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला मध्यावर मोठे छिद्र पाडावे आणि त्यावर पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, सुईने बारीक छिद्र पाडलेला तुकडा चिकटवावा. डीएसएलआरमध्ये झाकण ते सेन्सर हे अंतर सुमारे ४५ मिलिमीटर असते, त्यासाठी वरील सूत्राने ०.३ मिलिमीटरचे छिद्र योग्य ठरते. हे झाले एफ/१५० अ‍ॅपर्चर. भर उन्हात आयएसओ १०० ला सुमारे एक सेकंदाचे एक्स्पोजर पुरते. छिद्राच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून साफ कराव्यात आणि पत्र्याचा कीस पूर्ण पुसल्याशिवाय झाकण कॅमेऱ्याला लावू नये.

प्रश्न : फुलावर पाणी फवारून ‘दव’ टिपणे ही फसवणूक आहे का? आमच्या गटात यावरून वाद झाला. एका सदस्याने फुलपाखरू थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून मग टिपल्याचेही सांगितले.
— छायाचित्रण गटातील एक सदस्य

उत्तर : या दोन गोष्टी एका तागडीत तोलण्याजोग्या नाहीत. पाणी फवारणे ही मांडणी आहे आणि मांडणी करणे हा छायाचित्रणाचा जुना हक्क आहे. अशा चित्राखाली ‘पहाटेचे दव’ असे लिहिले किंवा मांडणीला मनाई असलेल्या निसर्ग-छायाचित्रणाच्या स्पर्धेत ते पाठवले, तरच ती फसवणूक होते.

फुलपाखराची गोष्ट निराळी आहे. थंडीने कीटकाच्या हालचाली मंदावतात कारण त्याचे शरीर स्वतःची उष्णता राखू शकत नाही. त्या अवस्थेत त्याला उडता येत नाही, भक्ष्यकापासून सुटता येत नाही आणि हाताळताना पंखांवरील खवले गळून पडतात. चित्रासाठी हे करणे मला मान्य नाही. शिवाय त्याची गरजही नाही. पहाटे, ऊन चढण्याआधी, कीटक आपोआपच गारठलेले आणि स्थिर असतात. त्या वेळी बाहेर पडणे एवढाच काय तो त्रास आहे. पक्ष्यांच्या घरट्यासमोरची पाने बाजूला करून टिपण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. त्यामुळे घरटे उघडे पडते आणि आपण निघून गेल्यावर तिथे काय होते, ते आपल्याला दिसत नाही.

प्रश्न : पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीत इंद्रधनुष्यी रंग दिसणारी छायाचित्रे कशी काढतात? हे संगणकावर रंगवलेले असते का?
— शाळकरी विद्यार्थिनी

उत्तर : नाही, रंग खरे असतात. एलसीडी प्रकारच्या संगणकाच्या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच प्रतलात होत असतात. पडदा पूर्ण पांढरा करून त्याच्यासमोर भूमितीची पट्टी, कंपासपेटीतला कोनमापक किंवा प्लॅस्टिकचा चमचा धरावा आणि लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर लावून तो हळूहळू फिरवावा. एका स्थितीत पडदा काळा होतो आणि प्लॅस्टिक रंगांनी उजळते. साच्यात ओतून थंड होताना प्लॅस्टिकमध्ये जे ताण गोठून राहतात, त्यांचे हे रंगीत नकाशे असतात. कोपऱ्यांपाशी आणि भोकांभोवती पट्टे दाटलेले दिसतील. ताण दिलेल्या काचेतील असे रंग डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अभ्यासले होते. पुढे अभियंते पूल आणि यंत्रांच्या भागांच्या पारदर्शक प्रतिकृती करून त्यांतील ताण याच रीतीने पाहू लागले.

फिल्टर नसेल तर पोलराइज्ड गॉगलची काच मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरावी. आणि काचेच्या तुकड्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे एकावर एक, वेगवेगळ्या कोनांत चिकटवून पाहावेत. जाडी बदलली की रंग बदलतो, त्यामुळे एक थेंबही रंग न वापरता चित्र ‘रंगवता’ येते.

प्रश्न : पाण्यात थेंब पडताना उठणारा मुकुट टिपायचा आहे. शटर १/४००० सेकंदावर ठेवूनही थेंब किंचित हललेला येतो आणि चित्र काळोखे होते. यासाठी फार महागडा कॅमेरा लागतो का?
— निवृत्त बँक कर्मचारी

उत्तर : कॅमेरा पुरेसा आहे; काम शटरकडून काढून फ्लॅशकडे द्यायला हवे. अर्ध्या मीटर उंचीवरून पडणाऱ्या थेंबाला पाण्यापर्यंत यायला सुमारे ०.३२ सेकंद लागतात आणि तोवर त्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या पुढे गेलेला असतो. म्हणजे १/४००० सेकंदात तो पाऊण मिलिमीटरहून अधिक सरकतो, आणि जवळून टिपताना एवढे सरकणे डोळ्यात भरते. बाहेर लावायच्या साध्या फ्लॅशची शक्ती १/३२ पर्यंत कमी केली, तर त्याचा लखलखाट साधारण १/१०,००० ते १/२०,००० सेकंद इतकाच टिकतो, कारण शक्ती कमी करणे म्हणजे या फ्लॅशमध्ये प्रकाश लवकर तोडणे. तेवढ्या वेळात थेंब हलतो तो मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त नाही. खोली अंधारी करावी, शटर १/२०० च्या आसपास, अ‍ॅपर्चर एफ/११ आणि फ्लॅश किमान शक्तीवर ठेवावा. शटर उघडे असले तरी फ्लॅश उडेल तेवढाच क्षण चित्रात येतो. उजेड कमी पडला तर शक्ती वाढवू नये, फ्लॅश जवळ आणावा.

फ्लॅश पाण्यावर न मारता मागे ठेवलेल्या पांढऱ्या किंवा रंगीत कागदावर मारावा. पाणी त्या कागदाचा रंग घेते आणि कडा रेखीव दिसतात. फोकससाठी थेंब पडतो त्या जागी एक खिळा उभा धरून फोकस साधावा आणि मग खिळा काढून घ्यावा. थेंब पाडायला पाणी भरलेली पिशवी टांगून तिला टाचणीने भोक पाडले की पुरते. थेंब दिसल्यावर बटण दाबू म्हटले तर उशीर होतो, कारण माणसाची प्रतिक्रियाच सुमारे पाचव्या हिश्श्याच्या सेकंदाने येते. थेंबांचा ठेका कानाने पकडून त्या ठेक्यात दाबत राहावे. बहुतेक चित्रे वाया जातील, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

मुकुट हवा असेल तर तळाशी पाण्याचा पातळ थर ठेवावा. खोल भांड्यात मुकुटानंतर मधून पाण्याचा एक खांब उसळतो. आर्थर वर्दिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकात विजेच्या ठिणगीच्या उजेडात या उसळ्यांचा अभ्यास केला, म्हणून त्या खांबाला त्यांचे नाव आहे. पुढे अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी दुधाच्या थेंबाचा मुकुट जगाला दाखवला. दुधाचा फायदा असा, की ते अपारदर्शक असल्यामुळे मुकुटाचा आकार चकाकीत हरवत नाही.

प्रश्न : रोज सकाळी त्याच रस्त्याने चालायला जातो, कॅमेरा बरोबर असतो, पण टिपण्याजोगे काही दिसत नाही. दूरच्या ठिकाणी जाणे मला शक्य नाही. काय करावे?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : सर्व काही टिपायची मुभा असते तेव्हा काहीच दिसत नाही. उद्या निघताना स्वतःवर एक बंधन घालून पाहा : आज फक्त सावल्या, आज फक्त डबक्यातली प्रतिबिंबे, आज सर्व चित्रे गुडघ्याच्या उंचीवरून. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो तेव्हा सावली वस्तूच्या उंचीइतकी असते. त्याहून खाली असेल तर लांब. सकाळी तुम्हाला मिळणाऱ्या सावल्या लांब, म्हणजे वस्तूपेक्षा जास्त बोलक्या असतात. चित्र काढून ते उलटे करून पाहावे : सावली उभी राहते आणि माणूस तिच्या पायाशी लोळत पडतो. डबक्यासाठी मोबाइल उलटा धरावा, म्हणजे त्याचे भिंग पाण्याच्या अगदी लगत येते आणि वीतभर डबके तळ्याएवढे दिसते.

रस्त्यावर सायकली जात असतील तर कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवत टिपण्याचा सराव करा. शटर १/३० सेकंद, पाय स्थिर, वळायचे ते कमरेतून आणि बटण दाबल्यावरही फिरणे थांबवायचे नाही. सायकलस्वार तुमच्या अगदी समोरून, काटकोनात जातो त्या क्षणी चित्र सर्वांत चांगले येते, कारण तेव्हाच त्याचा दिसणारा आकार कमीत कमी बदलत असतो. झाडांच्या रांगेसमोर शटर अर्धा सेकंद ठेवून कॅमेरा सरळ वरून खाली ओढला, तर खोडांच्या उभ्या रेघांचे जवळपास रंगचित्र तयार होते. अगदी मंद उजेडात, आयएसओ १०० आणि एफ/१६ ला हे फिल्टरशिवायही साधते.

आणि तुमच्यासारख्या रोज एकाच वाटेने जाणाऱ्या माणसालाच जमेल असा एक दीर्घ खेळ सांगतो, जो प्रवासी माणसाच्या नशिबी नाही. उन्हात राहणारी एखादी सपाट जागा निवडा. गच्ची चालेल, अंगण चालेल. तेथे एक मीटर उंचीची पक्की काठी रोवा आणि तिच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा किंवा पत्रा लावा. त्या भोकातून जमिनीवर सूर्याचा एक गोल कवडसा पडेल. आठवड्यातून एकदा, घड्याळात नेमकी तीच वेळ असताना, दुपारी बाराच्या सुमारास, त्या कवडशाचे छायाचित्र घ्या. कॅमेरा दर वेळी त्याच जागी असण्याची गरज नाही. जमिनीवर चौकोनाचे चार कोपरे रंगाने खुणून ठेवले, की सगळी चित्रे संगणकावर एकमेकांवर बसवता येतात. जेथे उन्हाळ्यात घड्याळे पुढे करतात तेथे ती एक तासाची दुरुस्ती ध्यानात ठेवावी लागेल. वर्ष पूर्ण झाल्यावर सर्व कवडसे मिळून इंग्रजी आठाचा लांबट आकार तयार होतो. पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिण सरकतो. आणि या कलण्यामुळे व कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे राहतो : नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटे पुढे आणि फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १४ मिनिटे मागे. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतःच्या अंगणात उमटलेले पाहणे वेगळे. यात सूर्याकडे पाहावे लागत नाही, कॅमेराही त्याच्याकडे रोखावा लागत नाही, हा आणखी एक फायदा.

प्रश्न : ‘रोज एक छायाचित्र, वर्षभर’ हा संकल्प दोनदा मोडला. पुन्हा सुरू करावा का?
— एक नोकरदार वाचक

उत्तर : करू नये. ३६५ चित्रांचा संकल्प हा अनेकदा चित्रांपेक्षा हजेरीचा होतो आणि संध्याकाळी झोपण्यापूर्वी पायातल्या चपलेचे चित्र काढून दिवस भरला जातो. त्याऐवजी एकच वस्तू घ्यावी, उदाहरणार्थ काचेचा पेला, आणि एका बैठकीत तिची दहा चित्रे काढावीत. प्रत्येक चित्रात उजेडाची दिशा, उंची किंवा पार्श्वभूमी यांपैकी एकच गोष्ट बदलावी. पहिली चार सोपी जातात. सातव्यापासून विचार करावा लागतो, आणि कामाची चित्रे तिथेच मिळतात.

प्रश्न : काढलेली छायाचित्रे संगणकातच पडून राहतात. सूर्यप्रकाशात निळे छाप काढण्याची जुनी पद्धत घरी करता येईल का? ती धोकादायक आहे का?
— एक चित्रकला शिक्षक

उत्तर : तुम्ही म्हणता ती सायनोटाइप पद्धत. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी शेवाळांचे छाप असेच घेऊन त्यांचे पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. कॅमेरा न वापरता, पाने आणि पिसे थेट कागदावर ठेवून सुरुवात करणे आजही उत्तम.

१०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या भांड्यात १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड अशी दोन द्रावणे करून ती वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवावीत. वापरायच्या वेळी सारख्या प्रमाणात मिसळून, जाड कागदावर ब्रशने पातळ थर द्यावा आणि कागद अंधारात वाळवावा. हे काम मंद पिवळ्या दिव्यात करता येते, कारण हा थर मुख्यतः अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देतो. छायाचित्राचा छाप हवा असेल तर चित्र कृष्णधवल करून, त्याचे निगेटिव्ह करून पारदर्शक फिल्मवर छापून घ्यावे, कागदावर ठेवावे आणि वर काच दाबून उन्हात ठेवावे. कडक उन्हात पाच ते वीस मिनिटे लागतात. उघडा भाग पिवळट हिरव्यावरून करड्या-कांस्य रंगाचा झाला, की कागद साध्या पाण्यात, पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवावा. निळा रंग ओला असताना फिका वाटतो आणि वाळताना एक-दोन दिवसांत गडद होतो, म्हणून पहिल्या छापावरून निराश होऊ नये.

धोक्याविषयी : हातमोजे वापरावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि फेरीसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही आणू नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. विद्यार्थ्यांबरोबर करायचे असेल तर द्रावणे तुम्ही स्वतः तयार करावीत आणि त्यांच्या हाती वाळलेला कागदच द्यावा.

प्रश्न : मॅक्रो लेन्स न घेता मुंगीचे डोळे दिसतील इतके जवळून टिपता येईल का? लेन्स उलटी लावतात असे वाचले, पण लेन्स बिघडेल अशी भीती वाटते.
— हौशी छायाचित्रकार

उत्तर : टिपता येईल. लेन्सच्या पुढच्या आट्यांवर बसणारी आणि दुसऱ्या बाजूने कॅमेऱ्याला लागणारी ‘रिव्हर्स रिंग’ मिळते. ती आपल्या लेन्सच्या फिल्टरच्या मापाची घ्यावी. उलटी लावलेली ५० मिलिमीटरची लेन्स वस्तू सेन्सरवर जवळजवळ मूळ आकारात उतरवते. याच्या पुढची गोष्ट अनेकांना विचित्र वाटते : नाभीय अंतर जितके कमी, तितके उलट्या लेन्सचे वर्धन जास्त. त्यामुळे १८-५५ ही नेहमीची झूम लेन्स उलटी लावली, तर ५५ वर वर्धन कमी आणि १८ वर कितीतरी अधिक मिळते, आणि झूमची कडी वर्धन बदलण्याच्या कामी येते. फोकसच्या कडीचा उपयोग राहत नाही. कॅमेरा मागेपुढे करूनच फोकस साधावा लागतो.

लेन्स बिघडत नाही, परंतु तिची मागची काच आता उघडी आणि पुढे असते, तिला बोट किंवा फांदी लागू देऊ नये. खरी अडचण अ‍ॅपर्चरची आहे. कॅमेऱ्याशी विद्युत संपर्क तुटल्यावर बऱ्याच आधुनिक लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे राहते आणि मुंगीचा जेमतेम एखादा केस स्पष्ट येतो. अ‍ॅपर्चरची कडी असलेली जुनी लेन्स असेल तर प्रश्नच नाही. तशी नसेल तर काही कॅमेऱ्यांत एक युक्ती चालते : लेन्स सरळ लावलेली असताना अ‍ॅपर्चर एफ/११ वर ठेवावे, ‘डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू’चे (टिपण्याआधीच अ‍ॅपर्चर ठरलेल्या मापावर आणणारे) बटण दाबून धरावे आणि ते दाबलेलेच असताना लेन्स काढून घ्यावी, अ‍ॅपर्चर त्याच मापावर अडकून राहते आणि लेन्स पुन्हा सरळ लावली की पूर्ववत होते. उलट्या लेन्समुळे कॅमेरा ‘लेन्स नाही’ असे सांगून शटर अडवत असेल, तर लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय मेनूमध्ये शोधावा. उजेडासाठी फ्लॅशपुढे पातळ पांढरा कागद लावावा, म्हणजे मुंगीच्या गुळगुळीत पाठीवर पांढरे डाग पडणार नाहीत.